आप्पांनी सांगितलेली तुझी शेवटची इच्छा

ताई,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेला भट्टीवाले आप्पा सगळ्यांच्या आधी आले. मी विहाराच्या सभागृहाचं कुलूप काढून पंखे लावत होतो, तेवढ्यात त्यांची पांढरी गाडी फाटकाशी थांबली. नाशिक रोडच्या आपल्या जुन्या कॉलनीत एवढी मोठी गाडी वळवायला जागा नाही, पण त्यांच्या ड्रायव्हरला ती नेमकी कुठल्या खांबापर्यंत मागे घ्यायची ते ठाऊक होतं. म्हणजे गाडी इथे आधीही येऊन गेली होती. कधी आणि कोणाकडे, ते मला माहीत नाही. तू गेल्यापासून माझं हे असंच चाललं आहे. लोक रडतात आणि मी त्यांच्या गाड्या कशा वळतात ते बघत बसतो.

त्यांनी आणलेला हार तुझ्या फोटोहून मोठा होता. तो घालताना फोटो कलंडला, तेव्हा त्यांनीच सावरला आणि मला म्हणाले, "सर, तुम्ही बसा. मी बघतो सगळं." आपल्याच विहारात, तुझ्याच सभेत मी पाहुणा झालो.

लोक तुझ्याबद्दल जे बोलले ते मी इथे लिहिणार नाही. तू डॉक्टर कशी झालीस, घोटीत दवाखाना कधी टाकलास, जिल्हा परिषदेवर किती वेळा निवडून आलीस, हे सगळं वर्तमानपत्रात आलं आहे आणि तुझा फोटोही त्यांनी जुनाच छापला आहे. मला तुला एकच गोष्ट विचारायची आहे. आप्पा म्हणतात, तुझ्या जागेवर त्यांच्या सुनेने उभं राहावं, अशी तुझी शेवटची इच्छा होती. हॉस्पिटलमध्ये तू स्वतः त्यांना तसं सांगितलंस म्हणे. आता पोटनिवडणूक लागेल, आणि आपल्या घराने, म्हणजे आता मी एकट्यानेच, त्याला होकार द्यावा असं त्यांचं म्हणणं आहे.

तू तसं म्हणालीस का?

उत्तर मिळणार नाही हे मला कळतं. पण तूच मला शिकवलं आहेस की माणूस बोलत नसला तर बाकीच्या खुणा बघायच्या. म्हणून सुरुवातीपासून बघतो.

लहानपणी मी मार खाऊन घरी आलो की तू विचारायचीस, "काय झालं?" मी काहीतरी सांगायचो. मग तू मला जेवायला वाढायचीस आणि जेवण झाल्यावर पुन्हा तेच विचारायचीस. "खरं बोलणारा दुसऱ्यांदा सांगताना अडखळतो, पक्या. त्याला नवीन काहीतरी आठवतं. खोटं बोलणाऱ्याचं दुसऱ्यांदा जास्त नीट होतं." तेव्हा तू बारावीतसुद्धा नव्हतीस. बाबा प्रेसमधून दमून यायचे, आई आजारी असायची आणि घरातला पोलीस, वकील, न्यायाधीश सगळं तूच होतीस. मला पुस्तकांकडे ढकललंस तेही तूच. मी ग्रंथपाल झालो तेव्हा पेढे वाटताना तू लोकांना सांगत होतीस, "याला माणसांत सोडण्यात अर्थ नव्हता."

घोटीच्या दवाखान्यातही तुझा तोच खाक्या होता. मी सुट्टीत यायचो तेव्हा बाजूच्या गिरणीतून भाताचा कोंडा उडून टेबलावर बसलेला असायचा आणि तू तो फुंकर मारून उडवत रोग्यांना प्रश्न विचारायचीस. वीटभट्टीवरची बाई आली की तिच्यासोबत मुकादम असायचाच. कुठे दुखतं म्हणून तू बाईला विचारलंस की उत्तर तो द्यायचा. मग तू पेन खाली ठेवायचीस. "दुखतंय कोणाचं? तुमचं? मग बाहेर बसा." व्हरांड्यातल्या त्या बाकाला तू 'बोलक्यांचा बाक' नाव ठेवलं होतंस. नवरे, सासवा, मुकादम, सरपंच, सगळे त्यावर बसून गेले. एकदा मीही बसलो, सुमनला घेऊन आलो होतो तेव्हा. ती अजून सांगते, "सगळ्या संसारात मला एकटीला बोलायला मिळालं ते तेवढंच."

हिराबाईही अशीच आली होती, आप्पांच्या भट्टीवरून. मी त्या दिवशी आत औषधांच्या खोलीत वाचत पडलो होतो, म्हणून सगळं ऐकलं. मुकादम बाहेर गेला तरी ती काही बोलेना. तू नाडी बघितलीस, पोट तपासलंस. शेवटी तीच म्हणाली, "बाय, मला काय बी झालं नाय. मला हितंच ठिवून घ्या. माझ्या पोरी बी आणते."

दिवाळीआधी उचल घेतलेली होती. आगाऊ पैसे दिले की हंगामभर अख्खं कुटुंब भट्टीचं होतं आणि हंगाम संपला तरी उचल फिटत नाही. तिला गावी जायचं होतं, आई मरायला टेकली होती आणि भट्टीवरून सोडत नव्हते. तू पेनाला टोपण लावलंस. मग उठून दार उघडलंस आणि मुकादमाला आत बोलावलंस.

"हिला पसरणारा रोग झालाय."

"म्हंजे?"

"म्हणजे हिच्याजवळ जो बसतो त्याला होतो. हिचा नवरा, पोरी, सगळ्यांना आजच्या आज भट्टीवरून हलवा."

"आन् बाकीच्यान्ला व्हईल का?"

"होईल. तुम्ही तिच्यासोबत आलात कशावरून?"

"फटफटीवर."

"मग तुम्हीही कपडे उकळून घ्या."

त्याच दुपारच्या एसटीने ते कुटुंब गेलं. मी आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून हसत होतो. तू आत आलीस तेव्हा मात्र हसत नव्हतीस. तुझा चेहरा शांत होता, नजर खिडकीकडे, आणि डाव्या हाताने तू स्टेथोस्कोपची नळी गुंडाळत होतीस. ताई, तू खोटं बोलतेस तेव्हा कशी दिसतेस ते मला त्या दिवशी कळलं. आणि तुझं ते खोटं इतकं चांगलं होतं की त्यापुढे तुझ्या खऱ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणं मला जमलं नाही.

पुढच्या हंगामात हिराबाई पुन्हा त्याच भट्टीवर दिसली. कोणी ओढून आणलं नव्हतं. उचल घेऊन तिची तीच आली होती. ते कळलं त्या रात्री तू जेवली नाहीस. "याला माझ्याकडे औषध नाही," एवढंच म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी तुला त्या अमेरिकन डॉक्टरबद्दल सांगितलं. ग्रंथालयात त्याचं एक जुनं इंग्रजी चरित्र होतं, फाटक्या बांधणीचं. एकोणिसाव्या शतकातला खेड्यातला डॉक्टर, घोड्यावरून रोगी बघत फिरायचा. गुलामगिरी औषधाने जाणार नाही म्हणून त्याने दवाखाना सोडला आणि एका छोट्या पक्षातून निवडणुका लढवायला लागला. त्या पक्षाची मागणी एकच होती, गुलामगिरी संपली पाहिजे. तू पोळीचा तुकडा हातात धरून ऐकत होतीस. "निवडून आला का?" "नाही. पहिल्यांदा पडला." "मतं किती?" "ताई, गोष्ट मतांची नाहीये." "गोष्ट मतांचीच आहे, पक्या," तू म्हणालीस आणि पुढच्याच निवडणुकीत उभी राहिलीस.

तुझी पत्रकं मी तपासायचो. तू लिहायचीस, "आप्पा आणि त्यांचे चोर." मी ते "काही भट्टीमालक" करायचो. तू ते पुन्हा "आप्पा" करायचीस. निवडून आलीस, अधिकाऱ्यांना घेऊन भट्ट्यांवर गेलीस, काही कुटुंबांना वेठबिगारीतून सुटल्याचे दाखले मिळाले. पुढच्या वेळी आप्पांनी तुला पाडलं. आणि त्याच्या पुढच्या वेळी तू पुन्हा आलीस ती आप्पांच्या पाठिंब्यावर.

तेव्हापासून आपला वाद सुरू झाला तो तू गेल्यावरच थांबला. थांबला असं तरी कसं म्हणू?

मी म्हणायचो, तू त्यांच्या मांडीला मांडी लावून बसतेस. तू म्हणायचीस, "मांडी माझी आहे, कोणाला लावायची ते मी ठरवेन." भट्टीवर नळ आला, मुलांची शाळा आली, बायकांसाठी आडोसा आला, आठवड्याची सुट्टी आली. उचल मात्र राहिली. तुझ्या भाषणांतून तो शब्द हळूहळू गेला. मी मोजत नव्हतो, पण ऐकत होतो.

आणि मग एका रविवारी तू गंगापूर रोडला माझ्या घरी आलीस, ते चरित्र घेऊन. ते तू माझ्या नावावर ग्रंथालयातून नेलं होतंस, मला न सांगता.

"तुझा गोरा डॉक्टर पुढे काय करतो वाचलंस का?"

"वाचलंय."

"मग मला अर्धंच का सांगितलंस? त्याचा पक्ष मोठ्या पक्षात जातो. गुलामगिरी संपवा असं तो मोठा पक्ष म्हणतच नव्हता, नव्या मुलखात पसरू नये एवढंच म्हणत होता. हा तरी गेला त्यांच्यासोबत. जुने मित्र गद्दार म्हणाले."

"बरोबर म्हणाले."

"अरे, पण पसरू नये म्हणणाऱ्यांनीच शेवटी संपवली ना?"

"संपली ती युद्धाने."

"आणि युद्ध कोण निवडून आल्यामुळे पेटलं?"

त्या मोठ्या पक्षाचाच उमेदवार, हे मलाही ठाऊक होतं. सुमन चहा घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, अमेरिकेचं मिटलं असेल तर बिस्किटं घ्या." तू घेतलीस. जाताना चपला घालत म्हणालीस, "तुझा संशय आहे माझ्यावर. असू दे. कोणाचा तरी असायला हवा." हे तू रागाने म्हणालीस की मायेने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता हॉस्पिटलचं. तुला श्वास पुरत नव्हता, तरी तू नर्सला तिच्या चुका सांगत होतीस. आप्पा आले. हातात शहाळी होती. मी खुर्चीवरून उठलोच नाही. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "पक्या, जरा बाहेर बस."

मी बाहेर बसलो. आयुष्यभर तू दुसऱ्याच्या वतीने बोलणाऱ्यांना बाहेर काढलंस. मी तर तोंडही उघडलं नव्हतं. दार पूर्ण लागलेलं नव्हतं, पण आतला आवाज नळ सोडल्यासारखा एकसुरी येत होता, शब्द कळत नव्हते. तुझा होता की त्यांचा, तेही सांगता येणार नाही. आप्पा बाहेर आले तेव्हा डोळे पुसत होते. मी लगेच आत आलो.

"काय म्हणत होते?"

"तब्येतीची चौकशी."

तू खिडकीकडे बघत होतीस. हाताला सलाईन होतं, पण चादरीचा काठ तू बोटांभोवती गुंडाळत होतीस. थोड्या वेळाने, तुझी पेज पिऊन झाल्यावर, मी पुन्हा तेच विचारलं. तू पुन्हा म्हणालीस, "सांगितलं ना, तब्येतीची चौकशी." एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्याच आठवड्यात तू गेलीस.

आप्पांनाही तुझीच परीक्षा लावली. स्मशानातून परतताना ते मला म्हणाले होते, "ताई म्हणाल्या, आप्पा, आता सगळं तुमच्यावर." बस, एवढंच. मग त्यांचा फोन आला, तेव्हा त्यात सून आली. आणि सभेत माइकवर ते काय म्हणाले ते तुला जसंच्या तसं सांगतो, "डॉक्टरताई माझ्या विरोधक नव्हत्या, थोरल्या बहीण होत्या. जाण्याआधी मला म्हणाल्या, आप्पा, माझ्या जागेवर सूनबाईंना उभं करा. बिनविरोध होऊ द्या. माझ्या नावावर भांडणं नकोत." दर वेळी जास्त नीट. तुझ्या हिशेबाने हा माणूस खोटा ठरतो.

पण तुझ्याच हिशेबाने तूही ठरतेस. म्हणजे त्या खोलीत चौकशीपेक्षा जास्त काहीतरी झालं होतं.

सभेआधी हिराबाई भेटली. म्हातारी झाली आहे, पण आवाज तोच. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, आप्पांच्या सुनेबद्दल काय वाटतं. मला वाटलं होतं ती भडकेल.

"सूनबाय चांगली हाय, सर. शिकेल हाय. भट्टीव येती, पोरान्ला वह्या देती. ऱ्हाऊ द्या की हुबी."

"तू कोणासोबत आलीस?"

"आप्पांच्या गाडीत. पोरगा डायव्हर हाय ना माझा. त्यानंच गाडी लावली."

"आणि हिराबाई, उचल? अजून घेतात?"

तिने पदर सारखा केला. "घ्यावी लागती. घेतल्याबिगर कसं व्हईल?"

"मध्येच सोडून जाता येतं?"

"आप्पाला इचारलं तं येतं." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "पयल्यासारखं नाय सर आता. पयलं इचारता बी येत नव्हतं."

ताई, तू मिळवलेलं सगळं त्या एका वाक्यात होतं आणि न मिळवलेलंही.

मग माइक माझ्याकडे आला. आप्पांनीच दिला. "आता सर दोन शब्द बोलतील. घरचे म्हणून." मागून कोणीतरी म्हणालं, "थोडक्यात घ्या, भंतेजींना पुढचा कार्यक्रम आहे." सुमन माझ्या शर्टाची बाही ओढत होती. "आभार मानून बसा. उगाच काही काढू नका." आप्पांची सून पहिल्या रांगेत, मांडीवर हात ठेवून खाली बघत होती. तिच्यावर माझा राग नाही. तिला कोणी काही विचारलं असेल की नाही, याचीसुद्धा मला शंकाच आहे.

मी म्हणालो, "आप्पा सांगतात तसं ताई म्हणालीही असेल. मी त्या वेळी खोलीत नव्हतो. पण मुकादमाला विचारल्याशिवाय भट्टी सोडता येत नाही, तोपर्यंत भट्टीवाल्या घरातला कोणीही ताईच्या जागेवर बसू नये, असं मला वाटतं. आमच्या घराचा त्याला होकार नाही."

एवढंच बोललो. माइक खाली ठेवला तेव्हा तो खरखरला. हिराबाई जमिनीकडे बघत राहिली. तिच्या मुलाची नोकरी त्या घरात आहे, ती दुसरं काय करणार होती? आप्पा उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाले, "सर दुःखात आहेत. आपण समजून घेऊ." लोकांनी माना हलवल्या. मला समजून घेण्यात आलं.

रिक्षात सुमन म्हणाली, "झालं समाधान?" मी रिक्षावाल्याला पुढचं वळण सांगितलं. नाक्यापाशी तीच पुन्हा म्हणाली, "ताई असत्या तर तुम्हाला ओरडल्या असत्या." मी म्हटलं, हो.

तुला म्हणून सांगतो. मी सभेत सांगितलं नाही, सुमनलाही नाही. मला वाटतं, तू खरंच तसं म्हणाली असशील. त्यांनी सांगितलं त्या शब्दांत नाही, पण तसंच काहीतरी. तू पडल्या पडल्या हिशेब मांडला असशील, की सून शिकलेली आहे, भट्टीवर येते, आप्पा तिला नाही म्हणू शकत नाहीत, तिच्या हातून उरलेलंही होईल. बिनविरोध झालं तर कोणाचं डोकंही फुटणार नाही. मला बाहेर काढलंस ते मी वाद घालीन म्हणून, आणि तुझ्यापाशी वादाला श्वास उरला नव्हता म्हणून. हे सगळं तुला शोभेलसं आहे. कदाचित ते बरोबरही असेल. त्या अमेरिकन डॉक्टरचे मित्र चुकले असतील आणि मीही चुकत असेन.

पण ताई, तू हे आप्पांना सांगितलंस, मला नाही. आणि हिराबाईला तर नाहीच. जिला अजून विचारून जावं लागतं, तिच्या पाठीमागे ठरलेली इच्छा मी तुझी म्हणून कशी जपू? आयुष्यभर मी तुझ्याशी भांडलो आणि शेवटी प्रत्येक वेळी तुझंच ऐकलं, कारण तू समोर असायचीस आणि माझ्यापेक्षा चांगलं भांडायचीस. आता समोर फक्त आप्पा आहेत.

उद्या त्यांचा माणूस येणार आहे. घरच्यांच्या पाठिंब्याचं निवेदन छापून तयार आहे म्हणे, खाली माझी सही हवी आहे. मी त्याला बसवीन, सुमन चहा करेल. तो म्हणेल, सर, ताईंची शेवटची इच्छा मोडता का?

मी हो म्हणेन.